सातबाऱ्यावरचा ‘आकार’ आणि आपल्या रानाची खोली

मागच्या आठवड्यात शेजारच्या रानात पाइपलाइनसाठी चर खणला. जेसीबीनं रानाच्या वरच्या टोकापासून खालच्या बांधापर्यंत सरळ काप घेतला. पाइप टाकून चर बुजवायच्या आधी मी एकदा त्याच्या कडेनं चालत गेलो. शेतकऱ्याच्या घरात जन्माला येऊनही जे कधी नीट पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिसलं.

वरचे पाचेक इंच माती भुसभुशीत, पिठासारखी. त्याखाली चार बोटांचा एक थर, पहार मारली तर ठण्ण वाजेल असा. तुरीची जुनी मुळं त्या थरापर्यंत सरळ आली होती आणि तिथून आडवी वळली होती. त्याखाली पुन्हा चांगली काळी माती, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम. हे झालं रानाच्या मधोमध. वरच्या टोकाला वीतभर मातीखालीच मुरूम लागला होता, आणि खालच्या बांधाशी साडेतीन फूट खणूनही काळी माती संपली नव्हती. रान एकच, गट नंबर एकच.

तिथं बसलेले आमच्या भावकीतले एक आजोबा म्हणाले, “माझ्या लहानपणी ह्या वरच्या अंगालाबी शाळू यायचा. आता करडई बी धड येत न्हाई. पाऊस कमी झाला म्हणत्यात, पर माती कुठं गेली ते कुणी इचारत न्हाई.”

आजोबांचा प्रश्न डोक्यात राहिला. माती किती होती आणि किती उरली, हे कळायचं कसं? पाऊस मोजायला पर्जन्यमापक असतो, विहिरीचं पाणी परसावर मोजता येतं. मातीची खोली कुणी मोजून ठेवली आहे का?

ठेवली आहे. आणि तिची खूण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. सातबारा काढून बघा. त्यावर ‘आकार’ असा एक रकाना असतो. रुपये-पैशांत काहीतरी किरकोळ आकडा असतो, त्याकडे आपण कधी लक्ष देत नाही. पण त्या आकड्याच्या मुळाशी कुणीतरी आपल्या रानात खड्डे खणून मोजलेली माती आहे.

गोष्ट १८३६ च्या आसपासची. पेशवाई जाऊन १८ वर्षं झाली होती. कंपनी सरकारनं आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून जमिनीची आकारणी करून घेतली होती. ती इतकी फसली की लोक जमिनी टाकून निघून जायला लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं मोजणी सुरू केली. त्यांची पद्धत पुढं १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात सगळीकडं लागू झाली.

या पद्धतीत मातीची प्रत ठरवताना मुख्य कसोटी होती खोली. प्रत ठरवणारा माणूस शेताचे सारखे भाग पाडायचा, प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहायचा आणि ती ‘हातां’त लिहायचा. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. चांगली काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे जमीन, पहिली प्रत. एक हात खोल असेल तर दहा आणे. अर्धा हातच असेल तर सहा आणे. अशा एकूण नऊ प्रती होत्या. शिवाय दोष वेगळे धरायचे: चुनखडी मिसळलेली आहे का, वाळू आहे का, रान उताराचं आहे का, वरून वाहत्या पाण्याचा लोंढा येतो का. दोष असला की प्रत एक पायरी खाली.

एक लक्षात घ्या, हे काही शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हतं. सारा किती वसूल करायचा हे त्यावरून ठरणार होतं. पण सरकारला एक गोष्ट बरोबर कळली होती: आपल्या दुष्काळी पट्ट्यात जमिनीची कुवत म्हणजे तिची खोली. कारण आपलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि नंतर पाऊस नाही पडला तरी जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. मोहोळच्या केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ आजही अशीच पिकते. माती खोल तर ओल जास्त, ओल जास्त तर कणीस भरतं. इतका साधा हिशोब.

हा हिशोब आकड्यात मांडून बघू. भारी काळ्या मातीचा एक फूट थर पिकाला मिळेल असं साधारण २ इंच पाणी धरून ठेवतो. म्हणजे अर्धा फूट माती गेली की १ इंच पाण्याची साठवण गेली. एका एकरावर १ इंच पाणी म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. प्रत्येक एकराला, दर वर्षी. आपण शेततळ्यासाठी अर्ज करतो, टँकरसाठी मोर्चे काढतो, पण पायाखालची ही टाकी लहान होत चालली आहे याची तक्रार कुणाकडंच नाही.

आता ती लहान कशी होत गेली ते बघू. यात नांगराची गोष्ट येते, आणि ती जरा उलटसुलट आहे.

आपल्या भागात नांगर फार जुना. घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची अख्खी वस्ती सापडली. जवळच्या वाळकीला तर जनावराच्या हाडापासून केलेला औताचा फाळ मिळाला. पण नांगर जुना असला तरी काळ्या रानात तो दर वर्षी चालत नव्हता. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

लाकडी नांगर बाभळीचा, अवजड. भारी काळ्या जमिनीत तो ओढायला तीन-चार बैलजोड्या लागायच्या. एवढे बैल एका घरात कुठले? म्हणून सावड करायची, नाहीतर इर्जिक घालायचं. सगळ्या आळीचे बैल आणि माणसं एका दिवशी एकाच्या रानात, आणि रात्री त्याच्या घरी जेवण. एवढा खटाटोप दर वर्षी कोण करणार? हरळी माजली, कुंदा वाढला, की नांगर काढायचा. एरवी दर वर्षी फक्त कुळवाच्या पाळ्या. विदर्भ-खानदेशात वखराच्या. कुळवाची फास दोन-तीन इंचांच्या खाली जात नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांना हे आळशीपणाचं लक्षण वाटलं. त्यांच्याकडं खोल नांगरून माती उलटी करायची पद्धत होती, तीच शहाणपणाची वाटायची. पण सरकारनंच १८८९ मध्ये बोलावलेले शेती-रसायनतज्ज्ञ व्होल्कर देशभर फिरले आणि त्यांच्या १८९३ च्या अहवालात त्यांनी वेगळंच मत दिलं. हिंदुस्थानातला चांगला शेतकरी इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, आणि त्याच्या उथळ मशागतीलाही कारणं आहेत, हे त्यांनी मान्य केलं.

कारणं आपल्याला माहीतच आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची सुटी माती त्या भेगांत पडते, पावसात जमीन फुगते, खालची माती वर सरकते. म्हणजे काळं रान स्वतःच स्वतःला नांगरतं. कुळवानं वरची दोन बोटं माती मोकळी ठेवली की खालची ओल उडत नाही. आपल्या पणज्यांना ‘स्मेक्टाइट चिकणमाती’ हा शब्द माहीत नव्हता, पण तिचा स्वभाव माहीत होता.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये तो तयार केला. सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पुढं औंध संस्थानच्या मदतीनं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हा नांगर महाराष्ट्रभर गेला. लाकडी नांगर माती फक्त फाडायचा. दोन तासांच्या मध्ये न फुटलेली पट्टी राहायची, म्हणून उभी-आडवी नांगरट करावी लागायची. लोखंडी नांगर माती उचलून उलटी टाकायचा. हरळीच्या काशा उन्हात वाळायच्या. आणि हलका लोखंडी नांगर एका-दोन जोड्यांनी ओढता यायचा. इर्जिकाची गरज उरली नाही.

‘विष चढतं’ म्हणणाऱ्यांना आपण हसतो. विष काही चढलं नाही. पण एक गोष्ट झाली. जे काम चार-सहा वर्षांतून एकदा, गावाच्या मदतीनं व्हायचं, ते एकट्याला दर वर्षी करता येऊ लागलं. उन्हाळ्यात खोल उलटलेलं रान वळवाच्या पहिल्या झडीला उघडं सापडतं. वळीव कसा पडतो ते सांगायला नको. त्या एका तासात जी माती ओढ्याला जाते, ती पुढच्या संथ पावसात महिनाभरही जात नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खोल नांगरट म्हणजे वाईटच, असं नाही. सोलापूर भागासाठी १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीचं संशोधन झालं. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीला आणि सोलापूरला वर्षानुवर्षं माती, ओल आणि वाहून जाणारं पाणी मोजलं. त्यातून जी ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ निघाली, तिच्यात खोल नांगरट होती, पण तीन वर्षांतून एकदा. आणि तिच्या आधी दुसरी अट होती: समपातळीवर बांध. शेणखत, पातळ पेरणी, दोन ओळींत जास्त अंतर आणि कोळपण्या. ही सगळी एकत्र बांधलेली मोळी होती. आपण त्यातली नांगरट तेवढी उचलली आणि तीसुद्धा दर वर्षी करू लागलो. बांध मागंच राहिले.

बांधांची आठवण करून देणारे कानिटकर पहिले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यात सरकारी कारभारावर कोरडे ओढता ओढता त्यांनी मातीचीही गोष्ट सांगितली आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेणमूत पावसाबरोबर शेतात उतरतं आणि त्यानं जमीन सुपीक होते, पण आता ते ओढ्या-नदीवाटे वाहून जातं. म्हणून सरकारनं लष्कर आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून जागोजागी ताली आणि बांध घालून घ्यावेत, पाणी आधी शेतात मुरावं आणि मग ओढ्याला जावं, असं त्यांचं म्हणणं. १४० वर्षांपूर्वी! आज ज्याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे?

सरकारला जाग यायला १९४२ उजाडलं. त्या वर्षी मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात तर लाखो माणसं याच कामांवर होती. आपल्या आज्या-आयांनी डोक्यावर पाट्या वाहून घातलेले ते बांध. काही ठिकाणी ते फसलेही. भारी काळ्या रानात पाणी बांधाला तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, मग शेतकरी वैतागून बांध फोडायचा. अशा रानात पाणी हळूहळू बाहेर काढणारा ढाळीचा बांध पाहिजे होता. सरसकट एकच नमुना सगळीकडं राबवला की असं होतं. पण जिथं बांध टिकले, तिथं काय झालं ते त्या चरात मला दिसलं. खालच्या बांधाला साडेतीन फूट माती अडली होती.

पण ती माती आली कुठून? वरच्याच टोकाकडून. केंद्राच्या मृदसंधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज काढला होता. वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जागची हलते. त्यातली २९ टक्के कायमची समुद्राला जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पडते. हेक्टरी १६ टन म्हणजे एकरी साडेसहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. जाडीत बघितलं तर सव्वा मिलिमीटर. नखाएवढी जाडी. डोळ्याला दिसत नाही. पण शंभर वर्षांत ती पाच इंच होते. गोल्डस्मिड-विंगेटच्या मापात पाच इंच म्हणजे पाव हाताहून थोडं जास्त, म्हणजे शंभर वर्षांत जमीन एक प्रत खाली. ही देशाची सरासरी आहे. उताराच्या, उघड्या रानात यापेक्षा जास्त जाते, सपाट बांधबंदिस्त रानात कमी.

आणि माती फक्त पाण्यानं हलत नाही. औतानंही हलते. उताराच्या रानात नांगर चालवला की प्रत्येक तासाला माती थोडी खाली सरकते. वर चढताना जेवढी वर जाते, त्यापेक्षा उतरताना जास्त खाली येते. शंभर वर्षं हेच चाललं तर वरचं टोक मुरमाड होणार आणि खालचा बांध फुगणार. पाऊस पडला नाही तरी हे घडतं.

आडवं नांगरलं तर हे पुष्कळ कमी होतं, हे आपल्याला कळत नाही का? कळतं. मग आपण उभं का नांगरतो? याचं उत्तर आपल्या वाटण्यांत आहे. भावाभावांत वाटणी झाली की हलकी आणि भारी जमीन सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून रान वरपासून खालपर्यंत उभं चिरायचं. न्याय म्हणून हे बरोबरच. पण पट्टा उभा आणि अरुंद झाला की आडवं औत वळवायला जागाच राहत नाही. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या एका गावात १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागलेली होती. आज तिथं टॉवर उभे आहेत, त्यामुळं तिथला प्रश्न वेगळ्याच रीतीनं सुटला. आपल्या गावातले तुकडे मात्र आपल्याला दिसतातच. दोन पिढ्यांत तुकड्यांची संख्या किती पट झाली, ते घरोघर मोजा.

त्यात बांध कोरण्याची आपली जुनी खोड. दर वर्षी एक-एक तास बांधात घालायचं. शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळं, पण त्या दोन फुटी बांधानं अडवलेली माती पुढच्या पावसात कुणाचीच राहत नाही.

आता ट्रॅक्टरकडं येऊ. ट्रॅक्टरच्या पलटी नांगरानं नांगरट फूटभर खोल गेली. खोल मातीच्या रानाला त्याचा त्रास नाही. पण ज्या रानात मातीच वीत-दीड वीत आहे, तिथं फूटभर नांगर घातला की मुरूम वर येतो. चुनखडी खाली असेल तर ती वर येते आणि मग उसावर, भुईमुगावर केवडा पडतो. पानं पिवळीधमक. आपण दुकानात जाऊन फेरसचं औषध आणतो. रोग मात्र आपणच फाळाला लावून वर काढलेला असतो.

नंतर रोटाव्हेटर आला. त्याचं कौतुक मी नाकारत नाही. बैल राहिले नाहीत, मजूर मिळत नाहीत, पाऊस आणि पेरणी यांच्यात दोन दिवसही मिळत नाहीत. अशात एका फेऱ्यात रान पेरणीजोगं होत असेल तर कोण नको म्हणेल? मीही म्हणत नाही. पण रोटाव्हेटरची पाती चार-पाच इंचच खाली जातात, दर वर्षी तेवढीच, आणि खालच्या मातीवर थापट्या मारल्यासारखी फिरतात. वरून दोन टनांचा ट्रॅक्टर. ओल्या रानात उसाची भरलेली ट्रॉली घातली तर आणखी कितीतरी टन. त्यातून तो ठण्ण वाजणारा थर तयार होतो. वरची माती पीठ झालेली असते, तिची ढेकळं मोडलेली असतात. पहिला मोठा पाऊस आला की वरचं पीठ चिखल होऊन छिद्रं बुजतात, खाली घट्ट थर पाणी मुरू देत नाही, आणि पाणी मधल्या मध्ये माती घेऊन निघतं. त्याच रानात पंधरा दिवस उघडीप पडली की सोयाबीन माना टाकतं, कारण मुळं पाच इंचांतच अडकलेली असतात. त्या वर्षी पाऊस जास्त झाला असं आपण आधी म्हणतो, आणि नंतर पाऊस कमी झाला असंही म्हणतो.

म्हणजे पणजोबांचं औत दोन-तीन इंच जायचं, पण मुळं तीन फूट जायची. आपलं यंत्र पाच इंच जातं आणि मुळंही पाच इंचच जातात. मधल्या काळात आपण एक फूट खोल नांगरून पाहिलं. नांगरटीची खोली आणि जमिनीची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैसे देऊन तासाभरात वाढवता येते. दुसरीची गोष्ट तशी नाही. खडकापासून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

मात्र जमिनीची खोली वाढवायचे काही मार्ग आपल्याच लोकांनी शोधलेले आहेत, आणि ते चालतात. पाझर तलाव आणि धरणातला गाळ म्हणजे आपल्याच रानातून गेलेली माती. पूर्वी उन्हाळ्यात गाड्या जुंपून हा गाळ माळावर टाकायचे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून हे पुन्हा होतंय. मुरमाड रानावर वीतभर गाळ पडला आणि तो बांधानं अडवला, तर त्या रानाची प्रत दोन पायऱ्या वर जाते. पण बांध न घालता टाकलेला गाळ चार पावसाळ्यांत पुन्हा त्याच तलावात जातो, हेही पाहिलं आहे. दुसरा मार्ग शेणखताचा. बैल गेले तसं शेणही गेलं, त्यामुळं आता पाचट, काडी, तूर-कपाशीच्या पऱ्हाट्या जाळणं बंद करणं हाच त्याचा पर्याय. तिसरा मार्ग मशागत कमी करण्याचा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा पद्धतीत एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरट नाही. जुन्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. सगळ्यांच्या रानात ते जसंच्या तसं बसेल असं नाही, तणांचा प्रश्न येतो. पण पाच गुंठ्यांवर करून बघायला कुणाची हरकत आहे?

आणि एक सार्वजनिक प्रश्न. त्यासाठीच खरं तर ही पोस्ट लिहिली. २०१५ पासून आपल्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह असे १२ घटक असतात. नमुना घेतात वरच्या वीतभर मातीचा. माती किती खोल आहे, हा रकानाच त्यात नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सारा वसूल करण्यासाठी सरकारनं प्रत्येक शेतात खोली पाहिली. आज शेतकऱ्याच्या भल्यासाठी निघालेल्या पत्रिकेत तो आकडा नाही. यंत्रांवर अनुदान आहे, रोटाव्हेटर त्यातून गावोगाव आले. पण घट्ट थर फोडणारा सबसॉयलर गावाच्या अवजार बँकेत आहे का? चार-पाच वर्षांतून एकदाच लागतो, त्यामुळं तो एकट्यानं घेण्यासारखा नाहीच. इर्जिक घालण्यासारखंच हे काम आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत आपण तीन गोष्टी मागू शकतो. गावाच्या अवजार बँकेत एक सबसॉयलर. रोजगार हमीच्या आराखड्यात शेततळ्यांबरोबर बांधदुरुस्ती, तीही जमीन बघून: हलक्या रानाला समपातळी बांध, भारी रानाला ढाळीचा. आणि गाळ उचलायची परवानगी देताना, ज्याच्या रानाला बांध आहे त्याला आधी गाळ.

त्याआधी प्रत्येकानं करण्यासारखं एक काम आहे, त्याला खर्च नाही. जमिनीत ओल असताना अर्ध्या इंचाची टोकदार सळई घ्या. रानात वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी हातानं दाबत जा. किती इंचांवर अडते ते लिहा, तो घट्ट थर. मग तिथंच खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते लिहा. सातबाऱ्याच्या मागं तारीख टाकून ठेवा. जुनं प्रतबुक भूमी अभिलेखात मिळालं तर त्यातली प्रतही शेजारी लिहा. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या रानापुरतं तरी त्यातून मिळेल.

मी आमच्या रानात काल हे केलं. मध्ये सळई ६ इंचांवर अडली. वर मुरूम ११ इंचांवर, खाली ३४ वर. यंदा वरच्या एकरात रोटाव्हेटर घालायचा नाही आणि उन्हाळ्यात गाळाच्या आधी बांध घालायचा, असं भावाशी बोलून ठरलंय. तुमचे आकडे आले तर कमेंटमध्ये लिहा, गावाचं नाव आणि जमीन हलकी की भारी तेही सांगा. पन्नास-साठ रानांचे आकडे जमले तर ते घेऊन ग्रामसभेत जाता येईल.